आलेख, विहित नमुन्यात

चित्र हवे असल्यास अर्ज करावा, अर्ज विहित नमुन्यात असावा, आणि नमुन्यातील एक स्वल्पविराम जरी चुकला तरी अर्ज परत येणार याची खूणगाठ बांधूनच टेबलापाशी जावे, ही शिस्त ज्या समाजाच्या अंगी चावडीपासून कलेक्टर कचेरीपर्यंतच्या अनुभवाने पिढ्यानुपिढ्या मुरलेली आहे, त्या समाजात ‘ग्नूप्लॉट’ नावाची संगणकाची आज्ञावली घरोघर लोकप्रिय का झाली नाही, हे मला आजवर न उलगडलेले कोडे आहे. आकड्यांच्या फायलीवरून आलेख काढून देणे एवढेच तिचे काम. परंतु हे काम ती ज्या रीतीने करते, ती रीत पाहिली म्हणजे ती अमेरिकेत जन्मली हा केवळ भूगोलाचा प्रमाद असून, वस्तुतः तिच्या कर्त्यांची उमेदवारी आमच्याकडील एखाद्या मामलेदार कचेरीतच झाली असली पाहिजे, असा संशय येऊ लागतो.

अलीकडे आलेख काढण्याची सभ्य रीत म्हणजे पडद्यावरील रंगीत चौकोनांवर बोट अथवा उंदीर टेकवीत जाणे. ग्नूप्लॉटला हा लाडीगोडीचा व्यवहार मान्य नाही. समोर काळा पडदा असतो, त्यावर एक खूण लुकलुकत असते, आणि आपण काय लिहितो याची ती अव्वल कारकुनाच्या निर्विकार मुद्रेने वाट पाहत असते. आपण लिहावे ‘प्लॉट’. पुढे अवतरणचिन्हांत फायलीचे नाव. पुढे ‘युजिंग’, मग एक, अपूर्णविराम, दोन. आणि शेवटी ‘विथ लाइन्स’. याचा अर्थ इतकाच की, सदर फायलीतील पहिला रकाना आडव्या अक्षावर व दुसरा उभ्या अक्षावर घेऊन येणारे बिंदू रेषेने जोडून द्यावेत, ही विनंती. अर्ज बिनचूक असला तर क्षणार्धात आलेख. चुकला तर मात्र आपले वाक्य जसेच्या तसे परत येते आणि त्याच्याखाली, जेथे घोडे अडले नेमक्या त्या अक्षरापाशी, एक लहानशी टोपी काढून दाखविलेली असते. आता मला सांगा, अर्ज फेटाळताना त्रुटी कोणत्या अक्षरात आहे हे दाखविणारी कचेरी या महाराष्ट्र देशी कोणी पाहिली आहे काय? या एका बाबतीत यंत्र आमच्या कारकुनाहून भिन्न आहे. बाकी सर्व गुण तेच.

इतिहासाचा विचार करता १७८६ आणि १९८६ ही दोन साले आलेखभक्तांनी भिंतीवर लिहून ठेवावीत अशी आहेत. पहिल्या साली विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने व्यापाराच्या आयात-निर्यातीचे आकडे रेषांनी दाखविणारा आपला ॲटलस लंडनमध्ये प्रसिद्ध केला. हा मनुष्य जेम्स वॉटच्या हाताखाली आराखडे काढून तयार झालेला, आणि पुढील आयुष्यात कर्ज, अफरातफर व खटले यांत आकंठ बुडालेला. परंतु त्याची थोरवी निराळीच आहे. स्कॉटलंडच्या व्यापाराचे त्याच्यापाशी एकाच वर्षाचे आकडे होते, आणि एका वर्षाची रेषा काही ओढता येत नाही. तेव्हा त्याने निरुपायाने प्रत्येक देशापुढे आयात-निर्यातीच्या पट्ट्या काढल्या, आणि स्तंभालेखाचा जन्म झाला. म्हणजे ज्या आकृतीवाचून आज एकही मंत्री पत्रकार परिषदेस बसत नाही, ती आकृती मुळात आकडे अपुरे होते म्हणून निघाली, आणि मला वाटते ती त्या कुळाचा आचार अद्याप निष्ठेने पाळीत आहे. यानंतर बरोबर २०० वर्षांनी थॉमस विल्यम्स व कॉलिन केली या दोन तरुणांनी, एकास विकलक समीकरणे डोळ्यांनी पाहायची होती व दुसऱ्यास विद्युच्चुंबकीय क्षेत्रे, म्हणून ग्नूप्लॉट लिहावयास घेतले. तेव्हापासून संगणकाच्या कित्येक पिढ्या भंगारात गेल्या. या आज्ञावलीची सहावी आवृत्ती मात्र २०२३ च्या डिसेंबरात निघाली आणि काळा पडदा होता तसाच आहे.

आमच्याकडे रकान्यांना कधीच तोटा नव्हता. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालात बांधून ठेवलेल्या कागदांची मोजदाद करणे कठीण. रोजकीर्द, खतावणी, जमाबंदी, ताळेबंद यांत मराठी लेखणी इतकी रमली की, जमेचा व खर्चाचा मेळ पैपर्यंत बसवून झाल्यावर त्या आकड्यांचे चित्र काढावे, अशी वासना कोणाही फडणिसास झाल्याचे दिसत नाही. ती वासना झाली नाही हे एका परीने राज्याच्या हिताचेच झाले असावे, कारण स्वाऱ्यांचा खर्च व वसूल या दोन रेषा एकाच कागदावर पाहून कोणाही मुत्सद्द्यास स्वारीवर निघण्याचा उत्साह उरला असता असे वाटत नाही.

असो. हे पुराण सांगण्याचे निमित्त तळेघरचे आहे. घोडेगाव मागे टाकून, डिंभे धरणाचे, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराचे, पाणी उजव्या-डाव्या अंगाला दाखवीत रस्ता पोखरीचा घाट चढतो आणि भीमाशंकराकडे जाता जाता तळेघरास क्षणभर टेकतो. आंबेगाव तालुक्याच्या या पश्चिम अंगास पाऊस हा ऋतू नसून रहिवासी आहे. घाटमाथ्यावर वर्षाच्या पावसाचे मिलिमीटर चार आकडी असतात, आणि तोच ढग मंचर ओलांडून शिरूरच्या बाजूस पोहोचेपर्यंत त्याच्या पदरी तीन आकडीच शिल्लक उरते. महादेव कोळ्यांची भातखाचरे, नाचणी-वरईचे उतार, उन्हाळ्यात वेचून विकायचा बाळहिरडा आणि पावसाळ्यातली भाताची आवणी, यांवर येथील वर्ष चालते. तेव्हा पावसाची वही कोणी ठेविली असेल तर ती हौसेची गोष्ट न म्हणता घरच्या हिशेबाचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

अशी वही माझ्या परिचयाचे एक निवृत्त गुरुजी ठेवतात. अंगणात झाडापासून व वळचणीपासून दूर त्यांचा पर्जन्यमापक पुरलेला आहे, आणि सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे भारतीय हवामान खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे, काचेच्या मापात पाणी ओतून ते डोळ्यांच्या रेषेत धरतात. मागील २४ तासांचे पाणी मापले जाते त्या दिवसाच्या नावे पडते, हा नियम त्यांनी उभ्या गावाशी भांडून राखला आहे. रविवारी दिवसभर कोसळलेला पाऊस सोमवारच्या खाती का, असे विचारणारास ते शांतपणे सांगतात, “तुझा पगार तरी कुठे काम केलेल्या महिन्यात होतो?” त्यांना ठाऊक नसेल, परंतु त्यांचे गोत्र मोठे आहे. इंग्लंडात १८६०च्या सुमारास जॉर्ज सायमन्स नावाच्या गृहस्थाने पाऊस मोजणाऱ्या हौशी मंडळींचा असाच मेळा जमविण्यास आरंभ केला, आणि त्याच्या मृत्यूच्या सुमारास, १९०० साली, पाद्री, जमीनदार, डॉक्टर व शाळामास्तर मिळून तीन हजारांहून अधिक लोक रोज सकाळी उठून मापात डोकावत होते. सायमन्सच्या नावाचा पर्जन्यमापक पुढे आमच्या तहसील कचेऱ्यांच्या आवारांतही कुंपण घालून बसला.

गुरुजींचा नातू पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. एका सुट्टीत त्याने जाहीर केले की आजोबांच्या वह्या फायलींत उतरवून ग्नूप्लॉटने त्यांचा आलेख काढावयाचा, आणि मी त्या समारंभास पाहुणा म्हणून हजर होतो.

पहिला अर्ज फेटाळला गेला तो आकड्यांच्या लिपीवरून. नातवाने वही निष्ठेने, म्हणजे देवनागरी आकड्यांतच उतरविली होती, आणि यंत्राने ग्राह्य धरण्याजोगा एकही बिंदू नाही, सबब फाईल वगळण्यात येत आहे, असा अभिप्राय नोंदविला. गुरुजींनी तो समजावून घेतला आणि विचारले, “म्हणजे इतकी वर्षं पाऊस पडलाच नाही म्हणतंय का ते?” आकडे इंग्रजी करून देणे हे एका ओळीचे काम होते, ते झाले. दुसरा अर्ज फेटाळला गेला तो तिथीवरून. गुरुजी प्रथम तिथी लिहितात, मग इंग्रजी तारीख, मग पाऊस. दोन शब्दांत मोकळी जागा दिसली की ग्नूप्लॉट नवा रकाना सुरू झाल्याचे गृहीत धरते. त्यामुळे ‘आषाढ वद्य तृतीया’ या दिवशी पाऊस पाचव्या रकान्यात सापडे, आणि ‘आषाढ अमावास्या’ उजाडली की तो मुकाट्याने चौथ्यात सरके. पंचांगाने रकाने हलविल्याची तक्रार करणारे हे पहिलेच यंत्र असावे. नातवाने रकान्यांमध्ये स्वल्पविराम घातले व तसे यंत्रास कळविले. मग तारखा. दिवस आधी की महिना आधी, वर्ष दोन आकडी की चार, हे विहित चिन्हांनी आगाऊ लिहून दिल्यावाचून यंत्र तारखेस तारीख मानीत नाही, आणि याबद्दल मी त्यास दोष देणार नाही. आमच्याकडे जन्मतारखेचे तीन-तीन दाखले घेऊन फिरणारी माणसे मी पाहिली आहेत.

‘निरंक’चा प्रश्न याहून तात्त्विक निघाला. ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी गुरुजी सरकारी रिवाजाप्रमाणे ‘निरंक’ असे लिहितात. यंत्रास शून्य समजते, निरंक समजत नाही; त्याने त्या दिवसाचा बिंदूच काढला नाही. नातू म्हणाला, सगळीकडे शून्य घालतो. गुरुजींनी त्याचा हात धरला. त्यांच्या वहीत काही दिवस कोरेही होते. कधी ते आजारी होते, कधी मापकाची बाटली भरून पाणी बाहेर गेले होते. निरंक म्हणजे मी पाहिले आणि पाऊस नव्हता. कोरे म्हणजे पाऊस असेलही, मी पाहिले नाही. हा भेद त्यांनी नातवास पुनःपुन्हा बजावला, आणि मला त्या क्षणी वाटून गेले की, देशातील निम्म्या समित्यांचे अहवाल गुरुजींच्या हाताखालून गेले असते तर पुष्कळ योजना निरंक म्हणून नोंदल्या गेल्या असत्या. अखेरीस निरंकाच्या जागी शून्य आले, आणि कोऱ्या दिवसांच्या जागी फायलीत एकेक ओळ मोकळी सोडण्यात आली. कारण मोकळी ओळ दिसली की ग्नूप्लॉट रेषा तेथेच तोडते आणि पुढे नव्याने सुरू करते. न पाहिलेल्या पावसावरून रेषा न ओढण्याइतकी सचोटी त्या यंत्रात आहे, हे कळताच गुरुजींचा त्याजविषयीचा ग्रह थोडा निवळला.

यानंतर आला शेऱ्याचा रकाना, आणि वस्तुतः ती वही म्हणजे शेऱ्याचा रकानाच होता. ‘आवणी थांबली.’ ‘ओढ्यास पूर, शाळेस तीन मुले.’ ‘मापकात बेडूक, पाणी तरीही मोजले.’ ‘राब भिजला.’ ‘वारा असा की पाऊस आडवा, मापकात कमी व घरात जास्त.’ हा सर्व मजकूर फायलीत घेण्याची सोय आहे, असे नातू उत्साहाने म्हणाला: ओळीच्या आरंभी एक जाळीसारखे चिन्ह घालावे म्हणजे झाले. गुरुजी संतुष्ट झाले. त्या चिन्हाने आरंभ होणारी ओळ ग्नूप्लॉट मुळीच वाचीत नाही, ही गोष्ट नातवाने त्यांना लागलीच सांगितली नाही. ती त्यांना आलेख निघाल्यावर कळली, जेव्हा त्यांनी बेडकाचा दिवस शोधावयास चष्मा लावला. चष्म्याची पण एक मौज झाली. साऱ्या आज्ञा फायलीत लिहून एकदम दिल्या आणि विशिष्ट सूचना केली नाही, तर हे यंत्र आलेखाची खिडकी उघडते, काम संपले म्हणून त्याच क्षणी मिटते, आणि पुन्हा निर्विकार बसते. गुरुजी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवीपर्यंत कित्येक पावसाळे येऊन गेले होते.

खिडकी थांबवून धरल्यावर मात्र जे दिसले ते पाहण्यासारखे होते. नातवाने रेषांऐवजी ‘इम्पल्सेस’ मागविल्या, म्हणजे दर दिवसाची तळापासून वर जाणारी एकेक उभी काडी, आणि पावसाला हाच पोशाख शोभतो असे माझे मत झाले. जूनमध्ये तुरळक, जुलैत दाट, आणि मध्येच दोन-चार काड्या इतक्या उंच की त्यांच्यासाठी यंत्राने उभा अक्ष आपण होऊन ताणला व बाकीचा सारा पावसाळा त्यांच्या पायाशी खुरटा दिसू लागला. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पडले तर हवामान खाते त्यास अत्यंत मुसळधार म्हणते. या काड्या त्या जातीच्या. अक्ष किती ताणावा हे यंत्रावर न सोपविता आपणही सांगू शकतो, आणि येथे ग्नूप्लॉटचे खरे राजकारण सुरू होते. अक्षाची वरची मर्यादा आवळली की ऐंशी मिलिमीटरचा सामान्य दिवस जलप्रलय वाटतो. ती सैल सोडली की तोच दिवस रिमझिम. लघुगणकी मोजपट्टी घेतली तर तळेघर व शिरूर शेजारी नांदू लागतात, आणि शून्याचे लघुगणक अस्तित्वात नसल्यामुळे कोरडे दिवस आलेखातून अजिबात नाहीसे होतात. दुष्काळ हटविण्याचा याहून स्वस्त उपाय मी ऐकलेला नाही. ज्या राज्यात पिकाची पैसेवारी ५० च्या खाली की वर यावर गावाचा सारा आणि सवलत ठरते, तेथे एकाच फायलीवरून अतिवृष्टीचे व अवर्षणाचे असे दोन अर्ज दोन आलेखांसह सादर करणे मुळीच अशक्य नाही. आणि दोन्ही आलेख खरे असतील, ही त्यातील विशेष गोष्ट.

येथे नातवाने एक कौशल्य दाखविले. ‘स्मूथ’ हा शब्द जोडला असता ग्नूप्लॉट खाचखळगे बुजवून गोंडस वळणाची रेषा काढते. रेषा आली, देखणी होती, कोणत्याही अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभली असती. गुरुजींनी २०१४च्या जुलैच्या शेवटावर बोट ठेवले. ३० जुलैच्या सकाळी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर उतरला आणि दीडशेच्या आसपास माणसे त्याखाली गेली. नेहमीच्या फेरीस आलेल्या एस.टी.च्या चालकास गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा जगास कळले. पुष्याचा पाऊस, ज्याला शेतकरी म्हातारा पाऊस म्हणतात, त्या पंधरवड्यातली ती गोष्ट. नव्या रेषेत तेथे एक सौम्य चढ होता. “ती काडी परत आण,” एवढेच गुरुजी म्हणाले. नातवाने तो शब्द खोडला.

पलीकडे जुन्नर तालुक्यात खोडदला आकाशातून येणारे आकडे असेच रकान्यांत उतरतात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ती महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. त्यातील १४ मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. दूरच्या दीर्घिकांची कुजबुज टिपणाऱ्या या यंत्रास माणसाच्या मोबाइलचा, विजेच्या तारांतील ठिणगीचा आवाज म्हणजे उपद्रव. तेव्हा खगोलशास्त्रज्ञ आज्ञांनी चालणाऱ्या आपल्या अवजारांनी तेवढ्या आकड्यांवर खूण करून ते हिशेबातून वगळतात आणि मग आलेख काढतात. पृथ्वीवरचे जे काही आहे ते शेऱ्यात. रेंज नसणे ही तळेघरच्या डोंगरी पट्ट्याची कायमची तक्रार, आणि तसलीच रेडिओ-शांतता खोडदच्या निवडीच्या वेळी पात्रता ठरली होती, हे गुरुजींना सांगितले तेव्हा त्यांनी, मग ती दुर्बीण इकडे का आणली नाही, तिची निम्मी निगा तर आमच्या डोंगरांनीच राखली असती, असा रास्त प्रश्न केला. मी पावसाकडे बोट दाखविले. त्यांना ते पटले नाही.

आलेखावर त्यांचा मुख्य आक्षेप आडव्या अक्षाविषयी होता. तेथे जून, जुलै, ऑगस्ट असे लिहिले होते. पाऊस इंग्रजी महिन्यांनी पडत नाही, तो नक्षत्रांनी पडतो, हे त्यांनी नातवास सुनावले. मृग, आर्द्रा, मग तरणा म्हणजे पुनर्वसु, मग म्हातारा, मग आश्लेषा, मघा. मला वाटले यंत्र आता हात टेकणार. परंतु अक्षावर कोणत्या तारखेस कोणती खूण करावी व तिच्याखाली काय लिहावे हे हाताने कळविण्याची सोय ग्नूप्लॉटमध्ये आहे, आणि नातवाने ७ जूनपासून पुढे एकेक नक्षत्र लिहून दिले. चित्राच्या फायलीत ती नावे स्वच्छ उमटली. साध्या काळ्या पडद्यावर, जेथे हे यंत्र नुसत्या अक्षरांनी व ताऱ्यांनी आलेख उठवते, तेथे मात्र काने-रफार सुटून आर्द्रा मृगात शिरली. गुरुजींनी एवढ्यावर न थांबता त्या त्या वर्षी नक्षत्राचे वाहन कोणते होते, बेडूक की कोल्हा की हत्ती, तेही काड्यांच्या डोक्यावर लिहावे अशी पुढची फर्माईश केली. त्यालाही ‘विथ लेबल्स’ नावाची तरतूद निघाली. पंचांग, पर्जन्यमापक आणि बीजगणित यांची अशी सोयरीक दुसरीकडे कोठे जुळली असेल तर मला तिची वार्ता नाही. आलेख छापून गुरुजींच्या पडवीत लागला, आणि तो पाहावयास येणारा प्रत्येक जण प्रथम स्वतःच्या लग्नाच्या वर्षाचा पावसाळा शोधतो.

या यशामुळे धीर येऊन नातवाने आता बाळहिरड्याची फाईल उघडली आहे. तारीख, वजन, किलोचा भाव, शेरा, असे चार रकाने आखून त्याने गुरुजींच्या स्वाधीन केले, आणि गुरुजींनी घरोघर विचारून ते भरले. ग्नूप्लॉटला फाईल दाखविली. ग्राह्य धरण्याजोगा एकही बिंदू नाही, असे उत्तर आले. या वेळी आकडे देवनागरी नव्हते. भावाच्या रकान्यात, ओळीमागून ओळ, ‘व्यापारी देईल तो’ असे लिहिले होते, आणि शेऱ्याचा रकाना जागा अपुरी पडल्याने निराळ्या वहीत चालू ठेवण्यात आला होता.